चौथं काज

फिलोमेना टीचरनी वहीच्या पानावर माप दिलं:
एक फूट बाय एक फूट, अशा सहा चौकटी.
लाकूड बाबल मेस्ताने तासून ठेवलेलं,
कापड तेवढं माझं.
मधोमध एकमेकांना भेटणारे दोन पदर.
पहिलीला मोठी बटणं, दुसरीला बारीक,
मग हूक, मग चेन, मग बक्कल,
शेवटचीला फीत.

माशेलच्या तिठ्यावर मशीन मारायला
तेव्हाच वीस वर्षं झाली होती.
नवरदेवांचे कोट शिवले, बँडवाल्यांच्या पँटी,
जत्रेच्या नाटकात दरवर्षी मरणाऱ्या राजाचा अंगरखा.
पण आत अंगच नसलेला कपडा
पहिल्यांदा शिवत होतो.
‘हे घालणार कोण?’
‘कोणी नाही, मास्तर. नुसतं लावायचं,
काढायचं, परत लावायचं.’
ती मला मास्तर म्हणते, मी तिला टीचर.
म्हटलं, फीमधून वळते होतील पैसे.

उर्वी साडेतीन वर्षांची.
तोवर तिचं प्रत्येक बटण मीच लावलेलं,
तोंडात टाचण्या धरून, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता.
ती हनुवटी वर करून उभी राहायची,
मापाला आल्यासारखी.

एक सकाळ पालकांना बसू देतात मागच्या भिंतीशी.
तिने चटई उलगडली. चौकट आणली दोन्ही हातांनी,
जशी काही पाण्याने काठोकाठ भरलीय.
पहिलं बटण. दुसरं.
तिसरं गेलं चौथ्या काजात
आणि मला खालपर्यंत सगळं दिसलं:
शेवटी एक उरणार, कापड तिरकं ओढणार,
ही रडणार.
माझी बोटं मांडीवरच शिवायला लागली.
टीचर माझ्याकडे न बघता पुटपुटल्या,
‘मास्तर, हात फाटीं धरात.’
धरले पाठीशी. जड झाले.

उरलंच एक. रडली नाही.
त्याच्याकडे बघत बसली कितीतरी वेळ.
खिडकीबाहेर पोदेराचा भोंगा आला, गेला,
मग तिने सगळी काढली,
वरपासून.
मला उसवता येतं, पण
असं बसून राहता येत नाही.

माझ्या बापाने सुई कधी हातात ठरू दिली नाही.
‘हाड हांगा’ म्हणायचा, काढून घ्यायचा.
मी शिकलो चोरून,
दुपारी तो घोरायला लागला की, चिंध्यांवर.

पुढे पाचव्या वर्षी ती काचेच्या पेल्यातून
सोलकढी घेऊन आली. फुटला.
सुलक्षा म्हणाली, प्लास्टिकचे आणा.
मी आणायचं विसरत राहिलो.
आठव्या वर्षी आठवड्याच्या बाजारात, बाणस्तारीला,
एकटी गेली भाजीला.
मी मागे, दोन माणसं सोडून, बांगड्यांच्या पाटीआड.
तिने पाहिलं मला. बोलली नाही.
तांबड्या भाजीच्या दोन जुड्या घेतल्या,
एक किडकी.
अकराव्या वर्षी खोलीच्या दाराला आतून कडी.
तिचं माप मला कोणी दिलं नव्हतं.

यंदा चौकटी दुकानात परत आल्या,
काजं विरलेली.
मोठ्या बटणांच्या चौकटीत सगळ्यांत जास्त
चौथं.
म्हणजे सगळीच तिथे चुकतात.
नऊ वर्षांत किती बोटं आली असतील तिथवर,
देव जाणे.

उर्वी म्हणाली, एक मी करते.
टाका उलटा घालते, माझ्या पद्धतीचा नाही,
पण धरतो.
मला अलीकडे सुईचं नेढं नीट दिसत नाही.
दोऱ्याचं टोक ओलं केलं, नेम धरला,
चुकला. परत धरला.
तिने हातातलं काम थांबवलं.
तिचा हात पुढे आला,
आणि मग मागे गेला, पाठीशी.
तशीच उभी.

बाहेरून पणजीची बस गेली.
दोरा अजून बाहेरच.